यादीत नाव, गोष्ट गायब : ‘वॉरियर्स’मधल्या पूर्वकथा नसलेल्या मांजरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एरिन हंटर यांच्या ‘वॉरियर्स’ मालिकेत रानात क्लॅन, म्हणजे टोळ्या, करून राहणारी शेकडो मांजरं आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांचं नाव आणि रंग यापलीकडे पुस्तक काही सांगत नाही. नेमकी त्यांच्याबद्दलच सगळ्यात जास्त विचारणा होते. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केलेत, सोप्याकडून किचकटाकडे. रहस्यं लपवलेली नाहीत, तेव्हा निदान पहिली सहा पुस्तकं वाचून मग पुढे या.

१. ‘पूर्वकथा नसलेलं पात्र’ म्हणजे कोण? छोटी भूमिका असलेलं प्रत्येक मांजर का?

नाही. किती पानं मिळाली यावर ते ठरत नाही. रेडटेल पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच मरतो. त्याच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही, पण त्याला कोणी मारलं या एका गोष्टीभोवती पहिली तीन पुस्तकं फिरतात. त्याला किरकोळ म्हणवत नाही. तरी तो या पानावर आहे, कारण तो कसा वाढला, कसा होता, उपनायकपदापर्यंत कसा पोहोचला याबद्दल त्या पुस्तकांत चकार शब्द नाही.

पहिल्यांदा समोर येताना ज्याच्या मागचं काहीच कळत नाही, ते मांजर इथे धरलंय. काही नुसती यादीत आहेत, काही एका प्रसंगापुरती येतात, तर काही फक्त दुसऱ्याच्या बोलण्यात येऊन जातात.

२. पुस्तकाच्या सुरुवातीची ती लांबलचक यादी वाचायची की सोडायची?

पहिल्या वाचनात खुशाल सोडा. नायक, उपनायक, वैदू मांजर, मग योद्धे, उमेदवार, पिल्लंवाल्या माद्या आणि म्हातारी मांजरं, असा तिचा क्रम असतो. प्रत्येकासमोर अंगाचा रंग, डोळे, फार तर शेपटीची खूण. डोकं भणभणतं आणि लक्षात काही राहत नाही.

पुस्तक संपल्यावर मात्र परत या. योद्ध्याच्या नावाखाली त्याच्या उमेदवाराचं नाव छापलेलं असतं, आणि कित्येक मांजरांचा उपलब्ध इतिहास तेवढाच असतो : कोणी कोणाला शिकवलं. दोन पुस्तकांच्या याद्या शेजारी ठेवल्या तर कोण म्हाताऱ्यांच्या गुहेत गेलं, कोणाचं नाव गुपचूप गळलं हेही दिसतं. ज्या मरणांचा कथेत उल्लेखही नाही, त्यांचा सुगावा अनेकदा इथेच लागतो.

३. काही सांगायचंच नव्हतं, तर एवढी मांजरं घेतलीच कशाला?

क्लॅन भरलेला दिसायला हवा, हे झालं उघड कारण. लढाईत चारच मांजरं धावली तर तिला लढाई कोण म्हणेल?

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. २००३ साली आलेल्या ‘इन्टु द वाइल्ड’पासून पहिली सहा पुस्तकं, प्रस्तावनेसारखी प्रकरणं सोडली तर, एकाच मांजराच्या नजरेतून सांगितली आहेत. तो रस्टी, म्हणजे पुढचा फायरपॉ, माणसाच्या घरातून आलेला. क्लॅनमध्ये कोण कोणाचा भाऊ, कोणाचं कोणाशी जुनं वाकडं, हे त्याला ठाऊक नाही आणि नव्या पोराला बसवून कोणी सांगतही नाही. लग्न होऊन मोठ्या घरात आलेल्या सुनेला पहिले काही महिने नातीच लागत नाहीत, तसंच. त्यामुळे या पुस्तकांतल्या पुष्कळ रिकाम्या जागा लेखकाच्या नसून फायरपॉच्या आहेत.

लिहिण्याची पद्धतही ध्यानात घ्या. एरिन हंटर हे एका लेखकगटाचं टोपणनाव. सुरुवातीला कथानक व्हिक्टोरिया होम्स आखायच्या, पहिली दोन पुस्तकं केट कॅरी यांनी लिहिली आणि तिसऱ्यापासून चेरिथ बाल्ड्री आल्या. इतक्या हातांतून फिरलेल्या कथेत काही गोष्टी मुद्दाम गाळल्या जातात, काही नुसत्या निसटतात. हा फरक कसा ओळखायचा ते प्रश्न ११ मध्ये आहे.

४. नुसत्या नावावरून मांजराचा भूतकाळ कळतो का?

थोडाफार कळतो. नावाचा पहिला भाग आई ठेवते. सहा चंद्रांचं, म्हणजे साधारण सहा महिन्यांचं होईपर्यंत मागे ‘किट’ लागतं, उमेदवारीत ‘पॉ’. योद्धा झाल्यावर नायक नवा शेवट देतो आणि स्वतः नायक झाल्यावर ‘स्टार’. म्हणजे नावाचा उत्तरार्ध ही कोणीतरी केलेली पारख असते.

कधी नाव म्हणजे जखमेची नोंद असते. पहिल्या पुस्तकाच्या यादीत हाफटेल आणि वन-आय ही दोन म्हातारी मांजरं आहेत. २००९ च्या ‘ब्लूस्टार्स प्रॉफसी’त तीच तरुणपणी भेटतात, आणि तेव्हा त्यांची नावं स्पॅरोपेल्ट आणि व्हाइट-आय अशी असतात. कुत्र्यांच्या हल्ल्यात चेहरा फाटलेल्या ब्राइटपॉला फायरपॉच्या थंडरक्लॅनची नायिका ब्लूस्टार ‘लॉस्टफेस’ हे नाव देते. ते ऐकताना अंगावर काटा येतो. पुढे फायरस्टार, म्हणजे नायक झालेला फायरपॉ, ते बदलून ‘ब्राइटहार्ट’ करतो. रिव्हरक्लॅनचा नायक क्रुकेडस्टार याचं तर जन्मनाव स्टॉर्मकिट होतं. जबडा मोडल्यावर त्याच्या आईनेच ते बदललं.

पण नावावरून स्वभाव ठरवायला गेलात तर फसाल. शॅडोक्लॅनचा नायक ब्रोकनस्टार इतका क्रूर, म्हणून ‘ब्रोकन’ हे त्याच्या तुटलेल्या मनाचं वर्णन असावं, अशी समजूत खूप जणांची असते. ‘यलोफँग्ज सीक्रेट’ (२०१२) वाचल्यावर कळतं की जन्मतःच त्याची शेपटी मोडल्यासारखी वाकडी होती, एवढंच.

५. पिल्लांचे बाप कुठे गेले? पहिल्या सहा पुस्तकांत आया दिसतात, बापांचं नावच नाही.

ही तक्रार रास्त आहे. फ्रॉस्टफरची चार पिल्लं पुढे सिंडरपेल्ट, ब्रॅकनफर, ब्राइटहार्ट आणि थॉर्नक्लॉ म्हणून मोठी होतात. त्यातली सिंडरपेल्ट तर वैदू मांजर होते. पहिल्या पुस्तकात ही पिल्लं पळवली जातात, सगळा क्लॅन हादरतो, पण काळजीने येरझारा घालणारा बाप काही दिसत नाही.

बाप लायनहार्ट, असं उत्तर नंतर लेखकांकडून मिळालं. मूळ पुस्तकात ते नव्हतं, पण बसतं मात्र चपखल : पिल्लं पळवली जाण्याआधीच लायनहार्ट शॅडोक्लॅनच्या हल्ल्यात मेलेला असतो. येरझारा घालायला तो होताच कुठे? हे आधीपासून ठरलं होतं की नंतर जुळवलं, हा वाद तुमचा तुम्ही घाला. अशा बाहेरून आलेल्या उत्तरांना किती वजन द्यायचं यासाठी प्रश्न १० पाहा.

६. बहिऱ्या स्नोकिटबद्दल आणखी काही कळतं का?

कळतं, आणि ते अनपेक्षित ठिकाणी. ‘अ डेंजरस पाथ’मध्ये (२००४) स्पेकलटेलचं हे पांढरं पिल्लू ऐकू येत नसल्यामुळे धोक्याची हाक ऐकत नाही आणि ससाणा त्याला उचलून नेतो. दोन-चार प्रसंगांचं आयुष्य, पण मालिका वाचून कितीही वर्षं झाली तरी लोक त्याच्याबद्दल विचारतात.

२००८ च्या ‘कॅट्स ऑफ द क्लॅन्स’मध्ये रॉक नावाचं प्राचीन मांजर तीन मेलेल्या पिल्लांना क्लॅनमधल्या मांजरांच्या गोष्टी सांगतं. त्या तिघांत स्नोकिट आहे. ज्याला जिवंतपणी काहीच ऐकू आलं नाही, तो तिथे ऐकत बसलाय. त्याला वेगळी पूर्वकथा लिहिली असती तर एवढं साधलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

शोधताना एक खबरदारी घ्या : थंडरक्लॅनमध्ये स्नोकिट एकाहून जास्त आहेत. ब्लूस्टारची बहीण स्नोफर हिचंही लहानपणचं नाव स्नोकिटच. नावांच्या अशा गोंधळाबद्दल प्रश्न १२ आहे.

७. कोणाकोणाला नंतर स्वतःची गोष्ट मिळाली? कुठे वाचायची?

‘सुपर एडिशन’ नावाच्या जाड पुस्तकांत बहुतेक नायक-नायिकाच आहेत. किरकोळ मांजरांचं नशीब उघडलं ते लघुकादंबऱ्यांमुळे. त्या तीन-तीनच्या गठ्ठ्याने छापील पुस्तकात आल्या आहेत. पहिलं ‘द अनटोल्ड स्टोरीज’ (२०१३), त्यात क्लाउडस्टार. ‘शॅडोज ऑफ द क्लॅन्स’मध्ये (२०१६) मेपलशेड, गूजफेदर आणि रेव्हनपॉ. ‘लेजंड्स ऑफ द क्लॅन्स’मध्ये (२०१७) स्पॉटेडलीफ आणि घरात राहायला गेलेला नायक पाइनस्टार. रेडटेल ‘पाथ ऑफ अ वॉरियर’मध्ये (२०१९) आहे. पहिल्याच पुस्तकात मेलेल्या मांजराला तोंड उघडायला सोळा वर्षं थांबावं लागलं.

एकच घ्यायचं तर ‘शॅडोज ऑफ द क्लॅन्स’ घ्या. गूजफेदर ‘ब्लूस्टार्स प्रॉफसी’त चक्रम म्हातारा वैदू म्हणून येतो आणि वाचक त्याला हसतो. त्याची गोष्ट वाचल्यावर आपण हसलो होतो याची लाज वाटते.

८. एखादं मांजर फक्त मरण्यापुरतंच येतं. त्यांच्याबद्दल कधी काही कळतं का?

कधीकधी. रोझटेल हे याचं उत्तम उदाहरण. ‘इन्टु द वाइल्ड’मध्ये शॅडोक्लॅन छावणीवर चालून येतं तेव्हा पिल्लांच्या गुहेचं रक्षण करताना ब्लॅकफूट तिला मारतो. वाचकाला तेव्हा ती कोण हेही धड आठवत नसतं. सहा वर्षांनी ‘ब्लूस्टार्स प्रॉफसी’त तीच रोझपॉ म्हणून ब्लूपॉच्या बरोबरीने वाढताना दिसते. तिची बहीण स्वीटपॉ उमेदवारीतच आजारपणात जाते, भाऊ थिसलक्लॉ पुढे कसा वळतो ते पुस्तकात वाचा.

हे वाचून पहिलं पुस्तक परत उघडलं की ब्लूस्टारकडे आपण वेगळ्या नजरेने पाहतो. त्या हल्ल्यात तिची लहानपणापासूनची सोबतीण गेलेली असते. पहिल्या पुस्तकात त्याबद्दल फारसं काही नाही, कारण फायरपॉला ते माहीतच नसतं (प्रश्न ३).

९. स्कर्जची पूर्वकथा वाचावी का? काही जण म्हणतात त्याने मजा जाते.

‘द डार्केस्ट अवर’मध्ये (२००४) स्कर्ज येतो तो कुठूनसा. लहान चणीचा काळा बोका, गळपट्ट्यात दात खोचलेले, आणि एका फटकाऱ्यात खलनायक टायगरस्टारचे, नायक म्हणून मिळालेले, नऊच्या नऊ जीव घेतो. पाच पुस्तकं ज्याला घाबरत आलो, त्याला हा कोण कुठला उपटसुंभ येऊन संपवतो! तो कोण हे माहीत नसण्यातच त्याची दहशत आहे.

२००८ च्या ‘द राइज ऑफ स्कर्ज’ या चित्रकादंबरीत तो टायनी नावाचं घरातलं दुबळं पिल्लू असतो. रानात भटकताना त्याला गस्तीवरची मांजरं गाठतात आणि टायगरपॉ त्याला बेदम मारतो. म्हणजे ‘द डार्केस्ट अवर’मधला तो फटका जुना हिशेब ठरतो.

कथा म्हणून हे छान जुळतं. पण माझ्यापुरतं सांगायचं तर काहीतरी गमावल्यासारखं वाटलं. आधी टायगरस्टारला एका अशा शक्तीने मारलं होतं जिला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. आता ती सूडकथा झाली. सगळं समजून घ्यायची हौस असेल तर वाचा. आधी ‘द डार्केस्ट अवर’ मात्र कोऱ्या मनाने वाचून झालेलं हवं.

१०. लेखकांनी वाचकांना दिलेलं उत्तर ‘खरं’ धरायचं का?

मी तीन फळ्या मानते. वरच्या फळीवर छापलेलं. मधल्या फळीवर लेखकांनी पुस्तकाबाहेर सांगितलेलं : कोणाचे आईबाप कोण, कोण कशाने मेलं. खालच्या फळीवर वाचकांनी रचलेलं, मग ते कितीही लोकप्रिय असो. कॅनन, म्हणजे अधिकृत कथा, म्हणायचं ते वरच्या फळीला.

मधल्या फळीची अडचण अशी की उत्तर देणारी व्यक्ती एक आणि पुढचं पुस्तक लिहिणारी दुसरी असू शकते. आज सांगितलेला बाप उद्याच्या पुस्तकात बदलला तर छापलेलं धरायचं. तोवर मधलं उत्तर वापरा, पण ‘लेखकांच्या म्हणण्यानुसार’ हे शब्द जोडून. खालच्या फळीवरच्या गोष्टी वर कशा सरकतात, तर कोणीतरी हे शब्द गाळतं म्हणून.

११. एका पुस्तकात मांजर एका रंगाचं, दुसऱ्यात वेगळ्या. यामागे काही गुपित आहे का?

जवळजवळ कधीच नाही. या मालिकेत रंग, डोळे, क्वचित नर-मादी यातही घोळ झालेले आहेत, आणि त्याचं कारण प्रश्न ३ मधलेच अनेक हात. गुपित असेल तर कथेतलं कोणीतरी त्यावर अडखळतं, विचारतं, विषय बदलतं. स्टोनफर आणि मिस्टीफूट यांच्या जन्माचं रहस्य असंच आधी सुचवलं जातं आणि मग उघड होतं. घोळ असेल तर कोणाच्याच लक्षात येत नाही. वर्णन बदलतं आणि गोष्ट पुढे जाते. गाळलेलं आणि विसरलेलं ओळखायला मला तरी याहून चांगली कसोटी सापडलेली नाही.

१२. एकाच नावाची दोन मांजरं असतील तर ओळखायचं कसं?

क्लॅन, आई आणि पुस्तक या तीन गोष्टी सोबत लिहा. पिल्लांच्या नावांत हे सर्रास होतं, पण मोठ्यांतही चुकत नाही. टॉनीपेल्टचा मुलगा टायगरहार्ट नायक झाल्यावर टायगरस्टारच होतो, म्हणजे आजोबाचंच नाव. ‘टायगरस्टार चांगला होता की वाईट’ या वादात दोघं दोन वेगळ्या मांजरांबद्दल भांडत आहेत, हे बऱ्याच वेळाने कळतं.

१३. क्लॅनच्या मूळपुरुषांच्या दोन वेगळ्या कथा आहेत. खरी कोणती?

थंडर, विंड, रिव्हर, शॅडो आणि स्काय ही सुरुवातीला नुसती नावं होती. पूर्वकथा नाही, चेहरा नाही. त्यातला स्कायक्लॅन तर पहिल्या सहा पुस्तकांत अस्तित्वातच नाही. तो २००७ च्या ‘फायरस्टार्स क्वेस्ट’मध्ये उगवतो आणि बाकीच्या चौघांनी त्याला हाकलून मग विसरून टाकल्याचं कळतं. किरकोळ पात्र कशाला, इथे अख्खा क्लॅन गाळला होता.

मूळपुरुषांची छोटी दंतकथा ‘सीक्रेट्स ऑफ द क्लॅन्स’मध्ये (२००७) आली. मग ‘डॉन ऑफ द क्लॅन्स’ (२०१३ ते २०१५) या सहा पुस्तकांत ग्रे विंग, क्लिअर स्काय आणि डोंगरातून आलेल्या बाकीच्या मांजरांची सविस्तर गोष्ट आली आणि ती दंतकथेशी जुळत नाही.

घडलेल्या गोष्टी म्हणून ‘डॉन ऑफ द क्लॅन्स’ धरा. दंतकथा खोटी ठरवायची मात्र गरज नाही. म्हाताऱ्या मांजरांनी पिढ्यान् पिढ्या पिल्लांना सांगितलेली गोष्ट घासून गुळगुळीत होणारच. तोंडी परंपरेत घडलेलं आणि सांगितलेलं तंतोतंत जुळलं असतं, तर मलाच शंका आली असती.

१४. नंतर लिहिलेली पूर्वकथा जुन्या पुस्तकाशी भांडत नाही, पण जुन्या पुस्तकात तिचा मागमूसही नाही. तेव्हा काय?

हा सगळ्यात चकवणारा प्रकार. २०१३ च्या ‘टॉलस्टार्स रिव्हेंज’मध्ये विंडक्लॅनच्या नायकाची तरुणपणी जेक नावाच्या घरातल्या बोक्याशी घट्ट मैत्री होते. जेक म्हणजे फायरस्टारचा बाप. पहिल्या सहा पुस्तकांत टॉलस्टार आणि फायरहार्ट (योद्धा झालेला फायरपॉ) कितीतरी वेळा समोरासमोर येतात, पण या मैत्रीची तिथे कुठे चाहूलही नाही. असणार कशी, ती अजून लिहिलीच नव्हती.

अशा वेळी जुना प्रसंग दोनदा वाचता येतो. एकदा तो लिहिला गेला तेव्हाच्या अर्थाने : एका क्लॅनचा नायक दुसऱ्या क्लॅनच्या योद्ध्याशी सभ्यपणे वागतोय. दुसऱ्यांदा जेकला मनात धरून. दुसरं वाचन हवंहवंसं असतं हे कबूल, फक्त ‘लेखिकेने २००३ मध्येच इशारा पेरला होता’ असं म्हणू नका.

१५. दुसऱ्या प्राणी-मालिकांतही असंच असतं का?

असतं, पण रीत वेगळी. ब्रायन जॅक्स यांच्या ‘रेडवॉल’मध्ये (१९८६) मार्टिन हा उंदीर योद्धा फार पूर्वी मेलेला, भिंतीवरच्या विणलेल्या पडद्यावर चितारलेला. वाचकांना तो पुरला नाही. ‘मॉसफ्लॉवर’ (१९८८) त्याच्याच काळात घडतं, ‘मार्टिन द वॉरियर’ (१९९३) त्याच्याही मागे जातं आणि ‘द लेजंड ऑफ ल्यूक’ (१९९९) त्याच्या बापापर्यंत. तिथे एका पूर्वजामागे तीन पुस्तकं. ‘वॉरियर्स’मध्ये मात्र यादीतल्या कोणाचाही नंबर लागू शकतो.

१६. मला एखाद्या अशा मांजराची गोष्ट स्वतः लिहायची आहे. काय तपासू?

आधी वयाचा हिशेब करा. निम्म्या फॅन फिक्शन, म्हणजे चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टी, तिथेच आपटतात. एखादं मांजर पहिल्या पुस्तकात उमेदवार असेल तर ते सहा चंद्रांहून मोठं, पण फार मोठं नाही. त्याला वीस चंद्रांपूर्वीच्या लढाईत लढायला लावू नका. मग नावाचा उत्तरार्ध देणारा नायक त्या वेळी जिवंत होता का ते बघा. तिसरं, मांजर कोणत्या पुस्तकाच्या यादीतून गळलं ते शोधा (प्रश्न २), म्हणजे शेवट कुठे करायचा ते कळेल. गोष्टीच्या वर ‘मी रचलेली’ असं लिहा आणि ती विकू नका. पात्रं दुसऱ्याची आहेत.

आणि बाप कोण ते ठरत नसेल, तर नका ठरवू. पिल्लांच्या गुहेत तो प्रश्न कोणी विचारतही नाही.